उजव्या सोंडेचा प्रश्न
(अलिबाग येथे दिलेल्या स्मृतिव्याख्यानाचा लेखी मजकूर)



ज्या ग्रंथप्रेमी गृहस्थांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या नावाने होणाऱ्या व्याख्यानास विज्ञानकथेसारखा विषय निवडावा, ही गोष्ट आपणांपैकी काही ज्येष्ठांना किंचित खटकली असेल, तर त्यांचे ते खटकणे मी अवाजवी मानीत नाही. विज्ञानकथा म्हणजे सुट्टीत मुलांच्या हाती द्यावयाचे पुस्तक, फार तर विज्ञान लोकांच्या गळी उतरविण्याची एक युक्ती, अशी समजूत आपल्याकडे पक्की झालेली आहे, आणि ती तशी होण्यास विज्ञानकथेचे हितचिंतकच पुष्कळसे कारणीभूत आहेत. मराठी विज्ञान परिषद १९६६ साली स्थापन झाली, तिने विज्ञानकथांच्या स्पर्धा सुरू केल्या, आणि १९७४ सालच्या स्पर्धेत 'नारायण विनायक जगताप' या लेखकाची 'कृष्णविवर' ही कथा पहिली आली; हे जगताप म्हणजे स्वतःच्या आद्याक्षरांचा क्रम उलटा करून लिहिणारे डॉ. जयंत विष्णु नारळीकर, हे मागाहून उघड झाले. पुढच्याच वर्षी कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून दुर्गाबाई भागवतांनी या नव्या लेखनाची दखल घेतली. आरंभ इतका मातब्बर होता. परंतु परिषदेचा हेतू विज्ञानप्रसाराचा असल्यामुळे परीक्षकही त्याच मापाने मोजू लागले, ते माप समीक्षकांनी उचलले, आणि कथेतले विज्ञान बिनचूक आहे किंवा नाही व तिच्यातले भाकीत खरे ठरले किंवा नाही, या दोन प्रश्नांपलीकडे विज्ञानकथेला विचारण्यासारखे काही असते, याचा आम्हां मराठी वाचकांना जवळजवळ विसर पडला.

भाकिताचा मुद्दा मी येथेच निकालात काढतो. पंचांगकर्त्याला आपण तत्त्वज्ञ म्हणत नाही. मग ज्या लेखकाची पाणबुडी पुढे खरोखरीच समुद्रात उतरली, त्याला केवळ तेवढ्यासाठी थोर का म्हणावे? माझे आजचे म्हणणे एवढेच आहे की, विज्ञानकथा ही तत्त्वचिंतनाची एक स्वतंत्र रीत आहे, आणि तिची प्रतवारी करावयाची ती तिने जगाची कोणती एक अट बदलली आणि बाकीच्या अटी किती इमानाने सांभाळल्या, यावरून करावी.

या गावात बोलताना ही गोष्ट समजावून सांगण्यासाठी मला दूर जावे लागत नाही. मुंबईच्या कुलाब्यास ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ साली वेधशाळा उभारली आणि १८४१ पासून तेथे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी नियमाने होऊ लागल्या. १८५९ च्या सप्टेंबरात सूर्यावरून जे प्रचंड चुंबकीय वादळ पृथ्वीवर आदळले, त्याच्या जगातल्या मोजक्या विश्वसनीय नोंदींपैकी एक याच दफ्तरात आहे. पुढे मुंबईत घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेच्या ट्राम आणावयाचे ठरले, आणि त्या प्रवाहाने सुई बहकणार हे ओळखून नानाभाई मूस यांनी १९०४ साली हे काम अलिबागेस हलविले. इतकेच नव्हे, तर १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणच्या नोंदी बरोबरीने घेऊन जुन्या व नव्या दफ्तराचा सांधा नीट जुळवून घेतला. येथल्या इमारतीसाठी दगड आणला तो पोरबंदरचा, आणि तोही चुंबकत्वाची परीक्षा करून. लोखंडाला तेथे मज्जाव. सुईला ओढू शकणारे जवळचे सारे काही दूर सारले, तेव्हाच पंधरा कोटी किलोमीटरांवरच्या सूर्यावरील क्षोभ तिच्या कंपात वाचता येऊ लागला. चांगली विज्ञानकथा नेमकी अशी बांधलेली असते. तिच्यातही पात्रांची नावे, नोकऱ्या, आगगाडीचे डबे, घरातले चहापाणी सारे नेहमीचेच ठेवलेले असते, ते एवढ्यासाठी की जी एक गोष्ट बदलली तिचाच परिणाम दिसावा, दुसऱ्या कशाचा नव्हे.

येथे कोणी म्हणेल की, अट बदलून प्रश्न विचारणे ही आपली जुनीच परंपरा आहे, त्यासाठी विज्ञानाची काय गरज? आक्षेप रास्त आहे. कथासरित्सागरातल्या वेताळकथांत एक नवरा आणि त्याचा मेव्हणा देवीपुढे आपापली शिरे उतरवितात. देवी प्रसन्न होते, आणि त्या घाईत बायको एकाचे शीर दुसऱ्याच्या धडावर ठेवते. दोघेही उठून उभे राहतात. तिचा नवरा कोणता? राजा उत्तर देतो की, शीर हे सर्व अवयवांत श्रेष्ठ, म्हणून ज्याच्या धडावर नवऱ्याचे शीर तो नवरा. (उत्तर ठाऊक असून गप्प बसल्यास मस्तकाची शकले व्हावयाची होती, तेव्हा राजाने फार खल केला नसावा.) लॉकने १६९४ सालच्या आपल्या ग्रंथाच्या आवृत्तीत राजपुत्राचा जीव चांभाराच्या देहात घालून हाच खटला पुन्हा उभा केला. टॉमस मान याने १९४० मध्ये आणि गिरीश कर्नाडांनी १९७१ च्या 'हयवदन'मध्ये राजाच्या फैसल्यावर जणू अपील केले. कर्नाडांचा जन्म १९३८ सालचा, आपल्याच जिल्ह्यातला, माथेरानचा. आणि त्यांचे नाटक मराठीत आणले ते चिं. त्र्यं. खानोलकरांनी. त्या नाटकात डोक्याच्या हुकुमाने धड हळूहळू बदलत जाते खरे, परंतु मधल्या काळात धडालाही स्वतःच्या आठवणी असतात, ओढी असतात, आणि राजाचा तो सुटसुटीत निकाल टिकत नाही.

तरीही ही विज्ञानकथा नव्हे, कारण तिच्यात देवी आहे. जेथे कृपेने काहीही घडू शकते, तेथे अमुकच का घडले हे विचारण्याचा हक्क वाचक गमावून बसतो. १९६७ च्या डिसेंबरात केप टाउनला ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी एका मनुष्याचे हृदय दुसऱ्याच्या छातीत बसविले, आणि तेव्हापासून वेताळाचा प्रश्न देवीवाचून विचारता येऊ लागला. मात्र आता कोणती मज्जा कोठे जोडणार, परक्या अवयवाला रक्त स्वीकारणार कसे, आठवण राहते कोठे, या सर्वांचा जाबजबाब द्यावा लागतो. अट कडक झाली, आणि प्रश्न सोपा होण्याऐवजी अधिक बोचरा झाला. यंत्राला मन असते काय, हा याच घराण्यातला प्रश्न. पण त्यावर हल्ली चहाच्या टपरीपर्यंत इतके बोलले जाते की, आज मी त्याच्या वाटेस जात नाही.

त्याऐवजी पेणला जाऊ. नारळीकरांच्या 'यक्षांची देणगी' या १९७९ सालच्या संग्रहात 'उजव्या सोंडेचा गणपती' नावाची कथा आहे. तिची कल्पना अशी की, त्रिमितीतली एखादी वस्तू आणखी एका मितीतून फिरवून परत आणली, तर ती आरशातल्या प्रतिबिंबासारखी उलटी होऊन येते. डावखुरा नसलेला मनुष्य डावखुरा होतो, आणि गणपतीची सोंड या बाजूची त्या बाजूला जाते. कागदाच्या पट्टीला अर्धा पीळ देऊन तिची टोके चिकटविली, आणि त्या पट्टीला जाडीच नाही असे मानून तिच्यावरून कागदी पंजा सरकवीत एक फेरी पुरी केली, तर उजवा पंजा डावा होऊन परततो. मोबियसच्या पट्टीचा हा गुण कथेला आधारभूत आहे. वेल्सने १८९६ साली प्लाटनर नावाच्या शाळामास्तराला असेच उलटे करून आणले होते व त्याचे हृदय उजवीकडे गेले होते. परंतु प्लाटनरचे हृदय पाहावयास डॉक्टर लागतो, गणपतीची सोंड कोणाही पोराला दिसते; आणि ती उजवीकडे असणे म्हणजे काय, हे मराठी घरात समजावून द्यावे लागत नाही. नारळीकरांची निवड मला त्यामुळे अधिक मार्मिक वाटते.

आता यात तत्त्वज्ञान कोठे आले? पेणच्या एखाद्या गणपतीच्या कारखान्यात आषाढात जाऊन उभे राहा. शाडूच्या ओल्या वासात ओळीने बिनडोळ्यांच्या मूर्ती मांडलेल्या असतात, आखणी व्हावयाची असते, आणि कोपऱ्यात साच्याचे अर्धे उघडे पडलेले असतात. त्या उघड्या साच्यात डोकावले, तर डाव्या सोंडेच्या मूर्तीची सोंड आपल्याला उलट्या बाजूला गेलेली दिसते. मूर्ती बाहेर आली की ती मुकाट्याने जागेवर असते. ही उलटापालट केवळ आपण आतून पाहतो म्हणून झालेली असते, मातीला तिचा पत्ताही नसतो. पण त्याच साच्यातून उजव्या सोंडेचा गणपती काढून द्या, अशी फर्माईश करा. साचा उभा धरा, आडवा धरा, पालथा घाला, निघणारी मूर्ती डाव्याच सोंडेची. सोंड हाताने वळवून लावावयाची नसेल, तर उजवीसाठी वेगळा साचाच करावा लागतो.

कान्टने १७६८ साली एका छोट्या निबंधात हाच साचा तत्त्वज्ञांपुढे ठेवला. लायब्निझचा पक्ष असा होता की, अवकाश म्हणून स्वतंत्र काही नाही, वस्तूंचे परस्परसंबंध तेवढे आहेत. कान्टने विचारले: उजवा पंजा आणि डावा पंजा घ्या, बोटांची लांबी, बोटांमधली अंतरे, सारे कोन एकसारखे, आतले संबंध मोजून दोहोंत तसूभर फरक निघत नाही, तरी एकाचा मोजा दुसऱ्याला बसत नाही. साऱ्या विश्वात केवळ एकच पंजा निर्माण झाला असता, तर तो उजवा असता की डावा? उत्तर 'दोहोंपैकी एक' असेल, तर तो फरक पंजात नसून अवकाशात आहे, आणि अवकाश ही खरीखुरी चीज ठरते. नारळीकरांच्या कथेने या युक्तिवादाला एक कलाटणी दिली आहे. अवकाशाला आणखी एक मिती असेल, तर उजवे-डावे हा वस्तूचा कायमचा गुण राहत नाही, ती वस्तू कोणत्या वाटेने आली त्या वाटेची ती खूण ठरते. कान्टला जे तर्काने पेलावे लागले, ते कथेत एका मूर्तीच्या सोंडेवर दिसते.

आणि येथे बाकीच्या अटी इमानाने सांभाळण्याचा अर्थही कळतो. पाश्चरने १८४८ साली सूक्ष्मदर्शकाखाली टार्टारिक आम्लाच्या क्षाराचे उजवे आणि डावे स्फटिक हाताने वेचून निराळे केले, तेव्हापासून रेणूंनाही उजवे-डावेपण असते हे आपल्याला ठाऊक आहे. आपल्या शरीरातली प्रथिने एकाच बाजूच्या घटकांची बनलेली असतात. तेव्हा उलटा होऊन परतलेला मनुष्य घरच्या पानावर बसला, तर भाताने त्याचे पोट भरेल, पण त्यातले पुष्कळसे त्याच्या अंगी लागणार नाही. भरल्या घरात त्याची उपासमार होईल. या एका परिणामावर कोणी ताकदीच्या लेखकाने कथा रचली, तर आपले देहाशी, अन्नाशी आणि पूर्वजांशी असलेले नाते काय आहे, यावर ती दहा प्रवचनांहून अधिक बोलेल. भौतिकशास्त्राने तर १९५६ पर्यंत निसर्गाला उजवे-डावे कळत नाही असेच धरले होते. ली आणि यांग यांनी त्यावर शंका घेतली, वू बाईंनी कोबाल्टवर प्रयोग करून ती खरी ठरविली, आणि १९५७ चे नोबेल पारितोषिक पहिल्या दोघांना मिळाले. (वू बाईंना का नाही, हा तत्त्वज्ञानाचा नसून व्यवहाराचा प्रश्न आहे.) उजव्या सोंडेच्या गणपतीचे सोवळे कडक का, याच्या समर्थनार्थ कोणी या कोबाल्टची साक्ष काढू नये, एवढीच विनंती.

'धूमकेतू' ही नारळीकरांची दुसरी कथा मी थोडक्यात सांगतो. दत्तदा नावाच्या हौशी निरीक्षकाने शोधलेला धूमकेतू पृथ्वीवर आदळणार असे गणिताने निघते, शास्त्रज्ञ उपाययोजना करून त्याला वाटेवरून ढकलतात, आणि इकडे दत्तदांच्या घरी शांतीसाठी यज्ञही होतो. संकट टळते. श्रेय कोणाचे? ही कथा अंधश्रद्धेवरचा टोला म्हणून वाचली जाते, आणि तेवढ्यावर थांबणे मला कमीपणाचे वाटते. यज्ञ केल्यामुळे संकट टळले नाही, असे म्हणणाऱ्याला खरे म्हणजे असे म्हणावयाचे असते की, यज्ञ केला नसता तरी ते टळलेच असते. कारण म्हणजे काय याची ही कसोटी ह्यूमने १७४८ सालीच एका वाक्यात सांगून ठेवली होती. म्हणजे घडलेल्या गोष्टीचे कारण सांगण्यासाठीदेखील आपल्याला न घडलेल्या जगात जाऊन यावे लागते. त्या जगाचा दाखला आणावयाचा कोठून?

तो दाखला खिशात घालून आणणारा मनुष्य म्हणजे गंगाधरपंत. 'गंगाधरपंतांचे पानिपत' ही कथा आपल्यापैकी बहुतेकांनी वाचलेली असेल. तिचे इंग्रजी रूप अकरावीच्या पाठ्यपुस्तकातही गेले. इतिहासाचे हे प्राध्यापक पुण्याहून मुंबईस जातात, तो मुंबईत ईस्ट इंडिया कंपनीचा अंमल अजून चालू! ते टाऊन हॉलमधल्या ग्रंथालयात जातात, स्वतःचा ग्रंथ धरून इतिहासाचे ग्रंथ मागवितात, आणि औरंगजेबाच्या मृत्यूपर्यंत सर्व काही जिथल्या तिथे आहे, बदल झाला आहे तो त्यानंतर, असे त्यांना आढळते. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर विश्वासरावांना लागलेली गोळी या जगात त्यांच्या कानाजवळून निघून गेली होती. तसे सांगणारे बखरीचे पान पंतांच्या खिशात राहते आणि त्यांच्याबरोबर आपल्या जगात येते.

ई. एच. कार यांनी १९६१ साली 'असे झाले असते तर' या इतिहासाला दिवाणखान्यातल्या खेळात काढले होते. त्याच्या उलट डेव्हिड लुईस या तत्त्वज्ञाने १९८६ साली असे प्रतिपादन केले की, सर्व शक्य जगे आपल्या जगाइतकीच खरी आहेत, मात्र एकातून दुसऱ्यात जाण्याची सोय नाही. या दोघांच्याही आधी, १९५७ साली, ह्यू एव्हरेट या भौतिकशास्त्रज्ञाने पुंजसिद्धांताचा अर्थ लावताना फुटत जाणाऱ्या जगांची कल्पना मांडली होती. नारळीकरांचे वेगळेपण असे की, त्यांनी लुईसची बंद वाट किलकिली केली आणि लगेच पुराव्याचा कायदा लागू केला: दुसऱ्या जगाचा कोणता कागद आमच्या कचेरीत ग्राह्य धरावा? ते पान कोणी बनावट म्हटले, तर गंगाधरपंतांच्या हाती काय उरते? कथेत त्यांना गणिती मित्र भेटतो आणि उपपत्ती पुरवितो. मला वाटते की तो मित्र जरा लवकर भेटला. पंतांना काही काळ एकट्यानेच ते पान घेऊन बसू द्यावयाला हवे होते.

परंतु माझी खरी तक्रार निराळी आहे, आणि ती जुन्या कुलाबा जिल्ह्यातल्या मनुष्याची तक्रार आहे. विश्वासरावांचे पणजोबा बाळाजी विश्वनाथ हे आपल्या श्रीवर्धनचे, तेथले वतनदार. जंजिऱ्याच्या सिद्दीशी बिनसले म्हणून त्यांना गाव सोडून घाटावर जावे लागले. १७१३ साली ते पेशवे झाले, आणि ज्या कान्होजी आंग्र्यांनी आधीच्या पेशव्याला कैद केले होते, त्यांना त्यांनी तह करून शाहू महाराजांच्या बाजूस आणले. सिद्दीने श्रीवर्धनात थोडे सबुरीने घेतले असते, तर? तर पानिपतावर गोळी चुकवावयाला विश्वासरावच नसते. एकदा गोळीवर बोट ठेवले की हा शोध मागे कोठे थांबवावा, याचे उत्तर नारळीकरांनी दिलेले नाही; त्यांनी लोकांच्या मनात सलणारा क्षण निवडला, आणि कथाकार म्हणून तो त्यांचा अधिकार होता.

पण विश्वासराव वाचलेल्या त्या जगात मराठे कंपनीला मुंबईसारख्या मोजक्या ठिकाणांपुरते अडवून धरतात, ते कशाच्या बळावर? पानिपताच्या पाच वर्षे आधी, १७५६ च्या फेब्रुवारीत, वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी विजयदुर्गाच्या खाडीत तुळाजी आंग्र्यांचे आरमार जाळले, आणि ते जाळण्यात नानासाहेब पेशवे इंग्रजांचे दोस्त होते. विश्वासराव वाचले म्हणून ती गुराबे-गलबते काही पुन्हा तरंगू लागत नाहीत. कंपनीचे बळ समुद्रावरचे. तिला रोखावयाचे तर समुद्रावर रोखले पाहिजे. गोळीच्या कथेने ही अट सांभाळलेली नाही, आणि हा दोष तपशिलाचा नाही, विचारातला आहे. एका गोळीने इतिहास बदलतो असे म्हणणाऱ्याने गोळी न पाहिलेल्या गोष्टी कोणत्या, याचा हिशेब द्यावा लागतो. आरमार ही तशी गोष्ट आहे.

डॉ. नारळीकर २० मे २०२५ रोजी गेले. २०२१ साली नाशिकच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद देऊन मराठीने त्यांचा मान केला होता. त्यांच्या मागून बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर अशी लेखकांची पिढी उभी राहिली. तरी विजयदुर्गाची कथा माझ्या वाचनात अजून आलेली नाही, आणि ती या किनाऱ्यावरच्या कोणी तरुणाने किंवा तरुणीने लिहावी, असे मला फार वाटते. अट एकच बदलावी: त्या फेब्रुवारीत नानासाहेब इंग्रजांना मिळाले नाहीत. बाकी सारे जसेच्या तसे ठेवावे. कान्होजींच्या पाठीमागे मुलांत पडलेली फूट तशीच ठेवावी, येथल्या कुलाबा किल्ल्याचे मानाजी आणि विजयदुर्गाचे तुळाजी एकमेकांचे तोंड पाहत नाहीत हेही तसेच ठेवावे, जंजिऱ्यावरचा सिद्दीही हलवू नये. जहाजांना साग कोठून येतो, लांब पल्ल्याच्या तोफा ओतणारे कारागीर कोण, पावसाळ्यात आरमार कोणत्या खाडीत ओढून ठेवतात, पगार पेशव्यांच्या दप्तरातून निघतो की आंग्र्यांच्या, हे सारे लेखकाला पुरते ठाऊक असावे. आणि मग त्याने तटस्थपणे पाहावे की, आरमार वाचल्यावर तरी मुंबई मराठ्यांच्या हाती येते किंवा नाही. माझा स्वतःचा कयास असा आहे की, येत नाही.